सूर्य ऐकायची जागा

९ नोव्हेंबर २०२४, निलंगा

मनिषाने दोन वह्या आणून दिल्या. एक तिच्या कामाची. तीत फक्त वेळ आणि आवाज लिहायचा. "मनातलं काही लिहायचं नाही त्यात, बाबा," असं बजावलं. मग मनातलं कुठं लिहू म्हटलं, तर पिशवीतून ही दुसरी काढली. आधीच घेऊन आली होती.

तर ही मनातली वही.

मी व्यंकटराव. निलंग्याच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होतो. नोकरी सगळी भोंग्यासमोर गेली. "औसामार्गे लातूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." गावातलं अर्धं माणूस मला तोंडाने ओळखत नाही, आवाजाने ओळखतं. आता निवृत्त. बायको, चांगुणा, गेली त्याला दुसरं वर्ष लागलं. घर गावाच्या कडेला आहे, पुढं नुसती शेतं.

मनिषा नांदेडला विद्यापीठात सूर्यावर संशोधन करते. सूर्यावर भडका उडाला की त्याच्या रेडिओ लहरी आठेक मिनिटांत इथं पोचतात आणि साध्या तारेवर पकडता येतात म्हणे. दुर्बीण म्हटल्यावर मला नळकांडं वाटलं होतं. हिची दुर्बीण म्हणजे अंगणात चार बांबू, त्यांवर ताणलेल्या दोन तारा, पडवीत एक डबा, लॅपटॉप आणि छोटा स्पीकर. सकाळी दहा ते दुपारी चार ऐकत बसायचं.

"कसा असतो सूर्याचा आवाज?" विचारलं.

"समुद्राची लाट येते ना, तसा. हळूच येतो, वाढतो, मग ओसरतो."

मी म्हटलं, विद्यापीठाला एवढं माळरान आहे, इथं कशाला आणलंस? तर म्हणाली, "तिथं परवानग्यांचं लई असतं." असेल. सरकारी काम मलाही माहीत आहे.

१२ नोव्हेंबर

शेजारच्या शांतम्माने दुर्बिणीवर गोधडी वाळत घातली.

शांतम्माची पिठाची चक्की आहे. बाई मूळची भालकीकडची, रागावली की निम्मं कानडीत बोलते. मी धावत गेलो तर म्हणाली, "अय्यो, मला वाटलं एवढी चांगली दोरी बांधली अण्णांनी, ओल्या कपड्यांची सोय झाली."

गोधडी काढली. स्पीकरमधून मात्र लाट वगैरे काही नाही. नुसती गुर्रगुर्र. अधूनमधून कुणीतरी गरम तेलात पाणी शिंपडावं तशी चरचर. आणि या सगळ्याच्या मागं एक बारीक टक्, टक्, टक्.

मनिषाचा फोन आला. "जेवलात का?" मग, "काय भाजी केली?" मग शेवटी कधी, "आवाज कसा आहे?" शास्त्र शिकलेल्या माणसाने आधी कामाचं विचारावं. आवाज फोनवरच ऐकवला. म्हणाली, "हा सूर्य नाही बाबा. हे आपलं गाव आहे."

१७ नोव्हेंबर

मनिषा रविवारची येऊन गेली. आपल्या घरातली स्वस्तातली दिव्याची माळ, मोबाईलचा चार्जर, टीव्हीचा डबा, शेतातल्या मोटारी, खांबावरची सैल तार, सगळ्यांतून रेडिओ लहरी सांडतात. आपल्याला दिसत नाहीत, तारेला दिसतात. सूर्याचा आवाज इतक्या लांबून येतो की या कलकलाटात बुडून जातो. बसस्थानकात जत्रेच्या दिवशी एखादी म्हातारी खिडकीशी येऊन हळू आवाजात कर्नाटकातली गाडी विचारते, तसं.

तिने एक जुना ट्रान्झिस्टर दिला. तो कानाशी धरून फिरायचं. गुरगुर जिथं वाढेल तिथं चोर.

पहिला चोर माझ्याच घरात निघाला. स्वयंपाकघरातला दिवा. दुसरा टीव्हीचा डबा. तिसरा मोबाईलचा चार्जर. दिवा बदलला, बाकी दोघांच्या पिना दिवसा काढून ठेवायच्या ठरल्या. जे बंद करता येत नाही त्याच्या वायरीला मनिषाने काळ्या फेराइटच्या कड्यांत वेढे मारून दिले. दगडासारख्या दिसतात, पण वायरीतून बाहेर पडणारा गोंगाट गिळतात.

टीव्ही बंद असल्याने दुपार लांब वाटली. पण गुरगुर निम्मी झाली. मनिषाने टाळ्या वाजवल्या. एवढ्याशा गोष्टीला टाळ्या कशाला, कळलं नाही.

२४ नोव्हेंबर

निवडणूक उरकली, प्रचाराचे भोंगे बंद झाले. कानाला आराम. तारेला मात्र त्या भोंग्यांचा काही त्रास नव्हता म्हणे. तिची तक्रार वेगळीच असते.

चरचर खांबावरची निघाली. वायरमनला चहा पाजून वर चढवला, त्याने तार आवळली.

मग चक्की. शांतम्माला म्हटलं, दहा ते चार दळण बंद ठेवता येईल का?

"सूर्यासाठी?"

"सूर्यासाठी."

तिने हातावरचं पीठ झटकलं. "हौदु, चालंल. दुपारी तसंही गिऱ्हाईक कमीच. पण लोकांना सांगणार कोण? माझं कोण ऐकतंय?"

मी चक्कीच्या ओट्यावर उभा राहिलो आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा मोठ्याने बोललो. "प्रवाशांनी, आपलं, ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. उद्यापासून दळण सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर." रस्त्यावरची माणसं थांबली. एक जण म्हणाला, कंट्रोलर, लातूर गाडी किती लेट हाय?

लई दिवसांनी हसलो.

१ डिसेंबर

आता फक्त टक् टक् उरलं आहे. घड्याळासारखं, दर सेकंदाला. ट्रान्झिस्टर घेऊन निघालो तो आप्पासाहेबांच्या बांधावर पोचलो.

आप्पासाहेबांचं शेत माझ्या अंगणाला लागून. पाच एकर हरभरा. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येऊ नयेत म्हणून भोवतीने तार ओढली आहे आणि तिला झटका मशीन लावलं आहे. ते मशीन दर सेकंदाला तारेत झटका सोडतं. जनावर मरत नाही, घाबरून पळतं. प्रत्येक झटक्याला माझ्या स्पीकरमध्ये टक्.

एवढ्या वर्षांत आमचं बोलणं रामराम आणि जयभीम, याच्या पुढं गेलेलं नाही. भांडण नाही. ते त्यांच्या बांधावर, मी माझ्या अंगणात.

मी नीट समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ओ कंट्रोलर, तुमच्या लेकीचा सूर्य कुठं पळून चाललाय का? हरभरा एका दुपारीत जातो. रोही दिवसाबी येतात. मशीन बंद व्हणार न्हाई."

बरोबर आहे त्यांचं. तरी राग आला.

६ डिसेंबर

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी विहारात गेलो. आल्यावर मनिषाचा फोन. आप्पासाहेबांचं सांगितलं. म्हणाली, "राहू द्या बाबा, नको कुणाला त्रास."

पण मग खरं काय ते हळूहळू बोलली. तिच्या देविका मॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, जानेवारीत बघायला येणार आहेत. गोंगाट असाच राहिला तर हे सगळं उचलून नांदेडला नेणार.

"नेऊ दे की मग. तुझं काम तिथंच आहे," म्हटलं.

मग म्हणाली, "तुम्हाला कंटाळा आलाय का त्याचा?"

मी म्हटलं, मला कशाचा कंटाळा? मी आपला बसलेलोच असतो.

फोन ठेवल्यावर अंगणात गेलो आणि बांबू उगाच हलवून बघितले. पक्के आहेत.

११ डिसेंबर

आप्पासाहेबांकडे परत गेलो. म्हटलं, दहा ते चार मशीन बंद ठेवा, तेवढा वेळ तुमचा हरभरा मी राखतो. बांधावर बसतो. स्पीकरची वायर लांब करून तिथपर्यंत नेता येते.

"तुम्ही राखण करणार?"

"आवाज आहे माझ्याकडे."

हे ऐकून त्यांची बायको नीलम्मा दारातून हसली. "त्यांचा आवाज खरंच हाय. माहेरी जाताना मी गाडी न्हाई चुकवली कधी."

आप्पासाहेबांनी डोकं खाजवलं. "आठ दिवस बघू."

१५ डिसेंबर

राखण चालू आहे. बाभळीखाली खुर्ची, शेजारी स्पीकर, हातात काठी. टक् टक् नाही. स्पीकरमधून नुसती सळसळ, जशी पिकातून वारा जावा. मनिषा म्हणते हे आकाश आहे. सूर्य अजून काही बोललेला नाही, पण बोलला तर आता ऐकू येईल.

एकच त्रास. आप्पासाहेब सारखे येऊन बसतात. मी राखायला बसलोय म्हटल्यावर त्यांनी घरी पडावं की. नाही. बारा वाजले की येतात, "काय म्हणतो सूर्य?" विचारतात, आणि चार वाजेस्तोवर उठत नाहीत. दोन्ही पोरं पुण्याला, त्यांचे पगार, त्यांच्या सोसायट्या, सगळं मला पाठ झालं. मला शांतता हवी आहे आणि हे गृहस्थ बोलून राहिले.

आज आले नाहीत. दुपारभर रस्ता बघितला. काही बरं-वाईट झालं का म्हणून चौकशीला गेलो तर औशाला लग्नाला गेले होते. सांगून जायला काय होतं?

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावस्या, आज सगळं निलंगा शेतात. गावात चिटपाखरू नाही. मनिषा मुद्दाम आली, म्हणाली, "आज गावातले सगळे चार्जर, टीव्ही, मोटारी बंद. असा दिवस परत मिळणार नाही."

आम्ही पडवीत यंत्र लावत होतो तेवढ्यात बांधावरून हाक आली. आप्पासाहेब स्वतः. "चला की. भज्जी थंड व्हायली."

कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घातली होती. आत पांडवांची पूजा. नीलम्माने सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं पत्रावळीवर वाढलं आणि मनिषाला जवळ बसवून घेतलं. आप्पासाहेबांच्या घरची माणसं, आम्ही दोघं, शांतम्मा, सगळे एका पंगतीला. मनिषाने आंबिलीचा तांब्या तोंडाला लावला आणि एकदम म्हणाली, "आई पण यात लसूण जास्त घालायची." नीलम्मा म्हणाली, "माझ्याकडूनच शिकली होती ती. सकाळी इथूनच ताक न्यायची." मला हे माहीतच नव्हतं. एवढी वर्षं घरी ते ताक पीत होतो.

दुपारी स्पीकर इतका स्वच्छ होता की मनिषाने डोळे मिटून घेतले. आणि मग आला. खरंच आला. आधी सळसळ जरा जाड झाली, मग फुगत गेली, आणि हळू हळू खाली बसली. पोरं आंब्याखाली ओरडत होती, त्यांना मी गप्प केलं.

आप्पासाहेबांनी वर सूर्याकडे बघितलं आणि टोपी सारखी केली. "एवढं जवळ हाय व्हय ते," म्हणाले.

८ जानेवारी २०२५

माझ्या हातून नुकसान झालं.

जेवण जास्त झालं होतं, बाभळीखाली डोळा लागला. जाग आली ती कुरकुर आवाजाने. स्पीकरमधला वाटला. डोळे उघडले तर सात-आठ रोही हरभऱ्यात. घाटे भरायला लागलेत, कोवळे. मी ओरडलो, काठी घेऊन पळालो, पण ते काय भोंग्यासमोरचे प्रवासी आहेत? सावकाश गेले, तुडवत गेले. खालच्या बाजूचं निम्मं वावर साफ.

सांगायला गेलो. आप्पासाहेब उठले. वावरात आले, एक झाड उपटून हातात धरलं, बघितलं, आणि मशीन चालू करून घरी गेले.

टक्, टक्, टक्.

१४ जानेवारी, संक्रांत

नीलम्माने तिळगूळ पाठवला. आप्पासाहेब आले नाहीत. दुपारी बांध मोकळा. मी अंगणात स्पीकरसमोर बसलो. टक् टक् मोजत बसावं असं वाटलं, मग स्पीकरच बंद केला.

मनिषाला सांगितलं नाही. पण तिला लॅपटॉपवरून सगळं दिसतं. फोनवर म्हणाली, "मशीन परत सुरू झालं वाटतं."

म्हटलं, "हो. त्यांचा हक्क आहे."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुमचं आणि काकांचं काय?"

काय विचारते ही पोरगी. आमचं काय असणार? मॅडम पुढच्या बुधवारी येणार ते विचारावं, तर हे.

२२ जानेवारी

देविका मॅडम आल्या. वयाने माझ्याएवढ्या असतील, पायात बूट, अंगणात सरळ बांबूंशी गेल्या, तारेचे ताण हाताने बघितले. बोलायला गोड, पण कामात सवलत नाही. मनिषा त्यांच्या मागं मागं.

लॅपटॉपवर आलेख लावला. टक् टक्. दर सेकंदाला एक उभी काडी, कुंपणाच्या खांबांसारखी.

मॅडम म्हणाल्या, "मनिषा, हे असंच असेल तर अवघड आहे. यातून बारीक काही सापडणार नाही."

मनिषाने मान हलवली. मी चहा करायला म्हणून आत गेलो. साखर दोनदा घातली.

बाहेर आलो तर पडवी शांत. दोघी आलेखाकडे बघत होत्या. काड्या थांबल्या होत्या. नुसती सळसळ.

मी बांधाकडे बघितलं. बाभळीखाली माझ्या खुर्चीवर आप्पासाहेब बसलेले, डोक्याला उपरणं, हातात काठी. आमच्याकडे पाठ करून.

मॅडम तीन तास बसल्या. म्हणाल्या, निम्म्या दिवसात एवढी स्वच्छ नोंद शहरात कुठंच मिळत नाही. चहा मात्र त्यांनी निम्मा ठेवला.

सगळे गेल्यावर बांधावर गेलो. म्हटलं, मशीन बंद केलंत?

"बॅटरी उतरली होती," म्हणाले. "चार्जिंगला लावलीय."

नशीब म्हणायचं. नेमकी आजच उतरली.

मग खुर्ची मला दिली आणि स्वतः बांधावर टेकले. "उद्यापास्नं दोघं बसू. एकाला डोळा लागला तर दुसरा हाय."

२६ जानेवारी

आज रोही परत आले. पण आज आम्ही दोघं होतो. ते विहिरीच्या बाजूने शिरले तसा मी ओरडलो, "आप्पा, तू तिकडून ये! मी खालून येतो!" आणि तो पळाला, या वयात, धोतर खोवून. मी फलाटावरचा आवाज काढला. कळप उधळून रस्त्यापलीकडे.

दोघंही धापा टाकत बसलो. तेव्हा लक्षात आलं, घाईत मी त्याला अरे-तुरे केलं. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं तर तो म्हणाला, "पाणी हाय का रे तुझ्याकडं?"

दिलं.

२ फेब्रुवारी

आज सगळं कळलं. म्हणजे जागेचं.

मॅडमचा फोन आला होता, आभार मानायला. बोलता बोलता म्हणाल्या, जागा निवडताना तीन ठिकाणं तपासली होती. गोंगाटाच्या बाबतीत आमचं अंगण तिसऱ्या नंबरवर होतं. विद्यापीठाच्या माळावर सगळ्यांत कमी. "पण मनिषा हट्टाला पेटली होती," म्हणाल्या आणि हसल्या. "म्हणाली, तिथं लक्ष ठेवणारं माणूस आहे."

दिवसभर डोक्यात तेच. पोरीचा सगळा अभ्यास या यंत्रावर. आणि मुळात चांगली जागा सोडून वाईट घेतली, कशासाठी? बापाचं अंगण फुकट म्हणून? तिकडच्या परवानग्यांचा खरंच एवढा जाच असेल का? मला संकोच वाटून राहिला. इतके दिवस मी तिला मदत करतोय समजत होतो, आणि तिचंच नुकसान.

उद्या सांगतो. घेऊन जा म्हणून.

बांबू काढले की अंगण मोठं दिसेल.

३ फेब्रुवारी

सांगितलं. सरळच सांगितलं. "मनिषा, हे नांदेडला ने. तिथं शांत आहे. तुझ्या कामाचं बघ, माझी भीड धरू नको. माझं काय, आप्पा आहे, शांतम्मा आहे, दिवस जातो."

तिकडं दार लावल्याचा आवाज आला. खोलीबाहेर गेली असावी.

मग म्हणाली, "परत सांगा."

"काय?"

"दिवस जातो म्हणालात ते."

"जातो की. वेळच पुरत नाही. सकाळी चक्कीपाशी थांबावं लागतं, दुपारी राखण, संध्याकाळी नीलम्मावहिनी चहाला बोलावतात."

तिचा आवाज बसला होता. सर्दी दिसते. नांदेडला थंडी जास्त असते. आल्याचा काढा घे म्हटलं.

नाक ओढून म्हणाली, "यंत्र हलणार नाही बाबा. दुसरं येतंय. विद्यापीठाच्या माळावर तसंच एक लावणार आहे." मग समजावून सांगितलं. एकाच ठिकाणी ऐकलं तर खात्री नसते. आलेला आवाज सूर्याचा की कुणाच्या मोटारीचा? दोन ठिकाणी, लांब लांब, एकाच क्षणाला तोच आवाज आला तर तो वरचा. निलंग्याचं झटका मशीन नांदेडला ऐकू जात नाही आणि नांदेडची मोटार निलंग्याला. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवायच्या आणि जे जुळत नाही ते काढून टाकायचं.

"म्हणजे इथलं लागतंच?"

"लागतंच."

मग ठीक आहे. शास्त्रीय कारण असेल तर माझं काही म्हणणं नाही. उगाच डोक्याला ताप करून घेतला. हे आधीच सांगितलं असतं तर.

२१ फेब्रुवारी

परवा आप्पाचा हरभरा निघाला. खालचं वावर गेलं तरी बाकीचं बरं पिकलं. मशीन काढून घरात ठेवलं. मी म्हटलं, चला, तुझी राखण संपली, सुटलास.

"हाव," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता हजर. आता स्वतःची खुर्ची घेऊन आलाय. राखायला काही नाही, नुसती ढेकळं. सवय लागली असेल. मीही माझी खुर्ची सावलीत सरकवली.

२ मार्च

नांदेडची तार काल लागली. मनिषाने सांगितलं होतं, आज दहापासून दोन्हीकडे एकदम ऐकायचं. ती तिथल्या माळावर, मी इथं. मध्ये फोन करायचा नाही, दोघांनीही वहीत वेळ लिहायची आणि संध्याकाळी जुळवायची. नाहीतर एकाने ऐकलं म्हणून दुसऱ्याला ऐकू आलं असं व्हायचं. मी म्हटलं, बरोबर आहे.

सकाळपासून नुसती सळसळ. ऊन तापायला लागलं आहे. शांतम्मा चक्की बंद करून येऊन बसली. आप्पा पुण्याच्या धाकट्याचं सांगून राहिला होता, त्याला प्रमोशन मिळालं ते, आणि मध्येच थांबला.

मीही ऐकलं. सळसळ जाड होत होती.

लाट आली. येळवशीला आली त्याच्या किती तरी पट मोठी. स्पीकर थरथरला. फुगत गेली, फुगत गेली, आता थांबेल म्हणता आणखी चढली. शांतम्माने हात जोडले. मग लाट ओसरली आणि तिच्या मागं आणखी एक, लहान. मनात एकच, हे तिथं त्याच क्षणाला तिलाही ऐकू येत असेल. एवढ्या लांबून आलेलं, एकदम आम्हा दोघांना.

वेळ लिहिली. आकडा दोनदा गिरवला.

आणि मला राहवलं नाही. ठरलं होतं ते मोडून फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. तिसऱ्यांदा लावला, तेच. एवढी मोठी लाट येऊन गेली आणि ही नेमकी या वेळेला कुणाशी बोलून राहिली? मॅडमला सांगत असेल आधी. सांगू दे. मार्गदर्शक आहेत. तरी जरा लागलं. चौथ्यांदा लावायला गेलो.

आप्पा माझ्याकडे बघत होता. त्याने हात पुढं करून माझ्या हातातला फोन घेतला आणि खुर्चीवर पालथा ठेवला.

"थांब की जरा, व्यंकट," म्हणाला. "ती बी तुलाच लावायलीय. तिचा लागू दे."

आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो.

वाजला.